कंपनीचा जावई

लेकीची एक वेणी घालून झाली होती, दुसरीचे पेड वहिनीच्या बोटांत होते आणि गॅसवरचं दूध वर यायच्या बेतात होतं, तेवढ्यात दार वाजलं.

घरात एकच धांदल उडाली. वहिनीने वेणी सोडून दूध गाठलं. नवरा अर्धी दाढी झालेल्या तोंडाने मोरीतून बाहेर आला. आणि खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसलेल्या भाऊजींनी, म्हणजे तिच्या धाकट्या दिराने, मांडीवरचा कोट, सुई, दोरा सगळं एका झटक्यात पाठीमागच्या उशीखाली कोंबलं. कोट शेजारच्या काकूंचा. त्याचं वरचं बटण तेवढं लावून हवं होतं. चाळिशी ओलांडलेला माणूस एका बटणापायी चोरासारखा सुई लपवतो, याचं पहिल्या वर्षी वहिनीला हसू यायचं. आताशा येत नसे.

“दोरा दिसतोय,” ती दबक्या आवाजात म्हणाली.

भाऊजींनी लोंबणारा दोरा आत ओढला. मग नवऱ्याने दार उघडलं.

दारात कंपनीचा ड्रायव्हर उभा होता. “तपासणी आहे आज. काल संध्याकाळी कळलं म्हणे साहेबांना. अर्ध्या तासात जावईबापूंना घेऊन ये म्हणालेत.” एवढं बोलून त्याने जीभ चावली. “म्हणजे, यांना.”

“असू द्या हो,” भाऊजी म्हणाले. “आमची कीर्ती तिथवर पोचली म्हणायची!”

हे नाव गल्लीने ठेवलं होतं. भाऊजींचं लग्न झालेलं नव्हतं, होण्याची चिन्हं कधीच मावळली होती, तरी ते जावई होते. कंपनीचे. घरी बसायचं, कामाला हात लावायचा नाही, महिन्याच्या महिन्याला पगार घ्यायचा आणि वर्षातून एकदा गाडीतून मिरवत जायचं. सासुरवाडीने याहून जास्त काय करायचं, असं गल्लीचं म्हणणं. काकू तर तोंडावर म्हणत, “आमच्या ह्यांचे पाय धड ना, म्हणून मेलं राबावं लागतं.” असं म्हणून झालं की बटण तुटलेला कपडा पुढे करत.

भाऊजी मुळात काज-बटणाचे कारागीर. एका टेलरिंगच्या दुकानात पोरसवदा वयात लागले आणि तिथेच हात बसला. शर्ट फाटेल पण याने लावलेलं बटण निघणार नाही, असं मास्तर गिऱ्हाइकांना सांगायचा. पुढे एकदा कापडाच्या गोदामातून तागे आणायला गेले असताना सामानाची लिफ्ट दोर तुटून खाली आली. तागे शाबूत राहिले. भाऊजी कमरेखाली राहिले नाहीत.

अंथरुणातून खुर्चीत यायला बराच काळ गेला. मास्तर भेटायला येई, डोळे पुसून जाई. दुकान वरच्या मजल्यावर, जिना एका माणसापुरता. “खाली गाळा मिळाला की पहिला तुला बोलावतो,” असं त्याने शब्द देऊन सांगितलं होतं. खाली गाळा मिळाला. काज-बटणाला मास्तरने मेहुणा बसवला. मग भाऊजींनी जिथे तिथे अर्ज केले. एका ठिकाणी जागा खास अपंगांसाठीच होती, मुलाखत मात्र दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. नवऱ्याने त्यांना पाठंगुळीला घेऊन वर नेलं. मुलाखत घेणारा म्हणाला, “रोज असे कसे येणार तुम्ही?” भाऊजी म्हणाले, “रोज तुम्ही खाली या.” ती नोकरी अर्थातच मिळाली नाही. पण हा किस्सा सांगताना भाऊजी इतके रंगात येत, की ऐकणाऱ्याला वाटावं, जिंकून आले असतील.

आणि मग ही तयार कपड्यांची कंपनी. इतकी माणसं कामावर असली तर त्यांत इतके अपंग हवेतच, असा काहीतरी नियम होता. भाऊजींचे कागद गेले, बोलावणं आलं, नेमणूक झाली. त्या दिवशी घरात सगळ्यांनी एकमेकांना चहा करून पाजला, जन्मात पहिल्यांदा पीत असल्यासारखा. कामावर जायच्या दिवशी वहिनीने कडक इस्त्रीचा शर्ट काढून दिला, डबा भरला. फाटकाशी मॅनेजरसाहेब स्वतः आले. गोड माणूस. खाली वाकून, भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुम्ही कशाला एवढी तसदी घेता? आत पायऱ्या, मशिनं, गर्दी. पगार घरबसल्या येईल. वर्षातून एकदा तपासणीला माणसं येतात, तेव्हा गाडी पाठवू. फक्त एक करा, बाहेर दुसरं काही काम धरू नका. कुणी पाहिलं तर आमची पंचाईत.”

भाऊजींनी फाटकाशीच डबा खाल्ला आणि परत आले. रिकामा डबा वहिनीच्या हातात देत म्हणाले, “घ्या, आजचं काम संपलं.”

पगार वेळेवर येई, यात खोट नव्हती. त्यामुळे झालं असं, की अपंग म्हणून सरकारकडून जी थोडी मदत मिळे ती बंद झाली. कमावत्या माणसाला कसली मदत? कोपऱ्यावर बटण-चेन-रफूचं टेबल टाकायचं भाऊजींच्या मनात होतं, ते मनातच राहिलं. एकदा त्यांनी फोनवर पगारवाढीची गोष्ट काढली. मॅनेजरसाहेब जराही न रागावता म्हणाले, “वाढ कामावरून ठरते हो. तुमचं काम तरी काय दाखवू मी?” एकदा तर कुणालाच न सांगता भाऊजी खुर्ची ढकलत थेट कंपनीच्या फाटकाशी गेले. म्हणाले, आत जातो, काहीही द्या, दोरे कापायला द्या. रखवालदार ओळखीचा, तो बिचारा ओशाळला. “आज तुमचा दिवस नाही ना,” एवढंच म्हणाला.

आपला दिवस. त्या एका दिवसावर भाऊजी उरलेलं वर्ष काढत. त्या दिवशी त्यांना एका टेबलाशी बसवत, समोर बटणांचा मोठा डबा आणि खणाखणांचा ट्रे ठेवत. वेगवेगळ्या मालातून उरलेली, सांडलेली, झाडून गोळा केलेली बटणं. ती निवडायची. लहान, मोठं, दोन भोकांचं, चार भोकांचं, शिंपल्याचं, शिंगाचं, मागे दोरा ओवायचं नाकं असलेलं. एरवी ही नुसती कचऱ्यात जायची, आता पुन्हा मालाला लागतात, असं भाऊजींना सांगितलं होतं. घरी आले की दोन दिवस बोलायला दुसरा विषय नसे. लेकीला नवा फ्रॉक आणला तरी आधी त्याचं बटण उलटसुलट करून बघायचे. “काय सांगावं, माझ्या हातचं असेल.”

गेल्या वर्षीची गंमत तर घरात अजून चालू होती. आयत्या वेळी त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीचं बटण निघालं आणि घाईत वहिनीने हाताला लागलं ते लावून दिलं. तिच्या जुन्या स्वेटरचं, डाळिंबी रंगाचं. दात येत होते तेव्हा लेक ते बटण सारखं चावायची, त्यामुळे कडेला दातांचे बारीक खड्डे. वहिनीचंच शिवणकाम ते, टेबलाशी बसेपर्यंत सुटलं. भाऊजींनी ते तिथल्याच डाळिंबी बटणांच्या खणात टाकून दिलं. घरी आल्यावर म्हणाले, “वहिनी, तुमचं बटण कंपनीला दिलं मी. आता कुठल्यातरी मडमेच्या कोटावर मिरवत असेल. तिला म्हणावं, जरा जपून, त्याला आमच्या पोरीचे दात लागलेत.” वर्षभरात वहिनीचं काही चुकलं, भाजी खारट झाली, किल्ली हरवली, की ते म्हणायचे, “जाऊ द्या. तिकडे मडमेकडे तुमचं नाव मोठं आहे.”

“चहा?” वहिनीने विचारलं.

“आज नको.” दरवर्षी आदल्या रात्रीपासूनच ते पाणी बंद करत. यंदा निरोपच आत्ता आला, तरी आता परत येईपर्यंत ते घोटभरही घेणार नव्हते. तिथल्या संडासाच्या दारातून खुर्ची जात नसे.

एरवी त्यांच्याबरोबर नवरा जाई. यंदा ते जमण्यासारखं नव्हतं. तो कामाला होता त्या गोदामात हल्ली कायमची माणसं काढून टाकून रोजच्या रोज नावं पुकारत. पुकाऱ्याला जो हजर नसेल त्याचं नाव दुसऱ्या दिवशी पुकारत नसत. कधी काम मिळे, कधी दुपारीच घरी. घराचं भाडं, लेकीची शाळा, सगळा भार आता खिडकीत बसलेल्या भावाच्या पगारावर होता आणि ही गोष्ट घरात कुणी मोठ्याने बोलत नसे.

“तू जा,” नवरा वहिनीला म्हणाला. उरलेली अर्धी दाढी उरकत, आरशातूनच. “आणि ऐक, तिथं काही बोलायचं नाही. विचारलं तर सगळं छान आहे म्हणायचं. तुलाही सांगतोय रे.”

“मी कधी बोललो?” भाऊजी म्हणाले. “जावई सासरी तोंड उघडतो का?”

“मस्करी नको. पगार थांबला तर सरकारचे पैसेही परत सुरू होणार नाहीत. दोन्हीकडून हात धुवून बसू.”

“दादा, तू जा. तुझं नाव पुकारतील.”

गाडीशी काकू उभ्याच होत्या. “निघाली का वरात? आणि माझा कोट?”

“उशीखाली निजलाय,” भाऊजी म्हणाले. “आल्यावर उठवतो.”

कंपनीच्या दाराला तीन पायऱ्या होत्या. त्यांवर आज लाकडी फळी टाकली होती. वहिनीला वाटलं, बरं केलंय. फळीच्या कडेला चुन्याचे डाग होते. कुठल्यातरी रंगाऱ्याची असावी, संध्याकाळी परत न्यायची. आत गेल्यावर दोघा माणसांनी भाऊजींना त्यांच्या खुर्चीतून उचलून एका नव्या कोऱ्या खुर्चीत ठेवलं. तिच्या हातांवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. जुनी खुर्ची रखवालदाराच्या खोलीत गेली.

“छान दिसता,” मॅनेजरसाहेब म्हणाले. “या कोण? वहिनी का? वा, वा. बसा तुम्हीपण.” त्यांनी खणातून भाऊजींचं ओळखपत्र काढून त्यांच्या गळ्यात घातलं. ते ओळखपत्र कंपनीतच राहत असे, हे वहिनीला आत्ता कळलं. फोटोतले भाऊजी नोकरीच्या पहिल्या आठवड्यातले होते, केस काळे.

टेबल ऑफिसच्या काचेच्या दाराशी होतं. शेजारी प्लास्टिकच्या फुलांची कुंडी. काचेपलीकडे मशिनांच्या रांगाच रांगा, वाकलेल्या पाठी, कापडाचे ढीग. एका रांगेच्या टोकाला काज-बटणाची मशिनं होती. ती जमिनीवरच होती. तिथवर जायला एकही पायरी नव्हती. वहिनीने पुन्हा पुन्हा पाहिलं. नव्हतीच.

सुपरवायझर बाईंनी पत्र्याचा डबा आणि ट्रे आणून ठेवला. भाऊजींनी डबा टेबलावर ओतला आणि हात चोळले. मग वहिनीने जे पाहिलं ते तिने घरात इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. घरातले भाऊजी बोलघेवडे, खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्याला चिमटे काढणारे. इथे ते बोलायचे थांबले. मान जरा कलती झाली. दोन्ही हात ढिगात शिरले आणि बटणं बोटांखालून नुसती सरकायला लागली, न बघताच निवडल्यासारखी, टप टप खणात. काचेपलीकडच्या दोनतीन बाया माना वळवून बघत होत्या. जेवणाऱ्या माणसाकडे एकटक बघू नये म्हणून नजर काढून घ्यावी, तशी वहिनीने नजर काढून घेतली.

“रंग तेच तेच वापरतात हे लोक,” भाऊजी थोड्या वेळाने म्हणाले. “हा निळा गेल्या वर्षी होता. त्याच्या आधीच्या वर्षीही.”

“चालत असेल तो रंग.”

“असेल.”

खण भरत आले. ढीग अर्धा झाला. आणि एकदम भाऊजींचे हात थांबले.

वहिनीला वाटलं, पाणी हवं असेल. तिने वाकून पाहिलं. त्यांच्या तळहातावर एक डाळिंबी बटण होतं. त्यांनी ते पालथं केलं, पुन्हा सुलटं केलं आणि टेबलाच्या तिच्याकडच्या कडेवर ठेवलं.

कडेला दातांचे बारीक खड्डे होते. एका भोकात तिच्या पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा अजून अडकलेला होता.

“राहिलं असेल एखादं,” वहिनी घाईघाईने म्हणाली. “चुकून.”

सुपरवायझर बाई ट्रे बघायला आल्या होत्या. मनाने चांगल्या असाव्यात. म्हणाल्या, “अहो, सावकाश करा, दमू नका. सगळं नाही झालं तरी चालतं.”

“हे पुढे कुठे जातं?” वहिनीने विचारलं. “निवडलेलं?”

“कुठे जाणार? संध्याकाळी परत डब्यात.” बाई हसल्या. “मीच ओतते ना. एकदा ह्यांनी इतकं टापटीप लावलं होतं, ओतवेना मला. पण नाही ओतलं तर पुढच्या वर्षी ह्यांना दाखवायला काम कुठून आणायचं?” आणि मग, काही चुकलंय का ते न कळून, त्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. तेवढ्यात त्यांना कुणीतरी हाक मारली आणि त्या गेल्या.

भाऊजी उरलेल्या ढिगाकडे बघत होते. वहिनीला वाटलं, आता ते एखादा विनोद करतील. मडमेचा, कोटाचा, काहीतरी. ती वाट बघत राहिली. घरात एवढी वर्षं कुठल्याही वाईट गोष्टीवर तेच आधी हसले होते आणि मग बाकीच्यांना हसायची मुभा मिळाली होती. आज ते हसले नाहीत.

“घरी जायचं का?” तिने हळूच विचारलं. विचारतानाच तिला ठाऊक होतं, की जाता येणार नाही. त्यांची खुर्ची रखवालदाराकडे होती.

“तपासणी व्हायचीय ना,” भाऊजी म्हणाले. त्यांनी पुन्हा हात ढिगात घातला. एक बटण उचललं, खणात टाकलं. मग दुसरं. पहिल्यासारखंच नीट, पहिल्यासारखंच वेगात. वहिनीला ते बघवेना. थांबा म्हणावंसं वाटलं. फेकून द्या तो ट्रे म्हणावंसं वाटलं. आणि त्याच क्षणी भाड्याचा विचार तिच्या मनात आला, न बोलावता, मुकाट्याने दाराशी येऊन उभा राहिल्यासारखा. तिने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.

तपासणीच्या अधिकारी बाई आल्या तेव्हा ढीग जवळजवळ संपला होता. वयस्क, पायात साध्या चपला, हातात फाइल. बरोबर मॅनेजरसाहेब, त्यांच्यामागे आणखी दोघे. वहिनी उठून उभी राहिली.

“हे आमचे जुने सहकारी,” मॅनेजरसाहेबांनी पुन्हा भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला. “एक दिवस चुकवत नाहीत.”

ते खरंच होतं. भाऊजींनी आपला एकही दिवस चुकवला नव्हता.

बाईंनी ट्रेकडे पाहिलं. “किती सुबक लावलंय हो. रोज हेच काम असतं?”

भाऊजींनी वहिनीकडे पाहिलं. तिला वाटलं, आपण मान हलवावी. ‘हो म्हणा’ अशी की ‘खरं ते बोला’ अशी, हे तिचं तिलाच ठरवता येईना. मान हललीच नाही.

“हेच असतं,” भाऊजी म्हणाले. “दर वेळी हेच.”

मॅनेजरसाहेबांचा हात खांद्यावर जरा सैल झाला. बाई निघाल्या होत्या. दोन पावलं गेल्यावर, काहीतरी राहिलं असं वाटून म्हणा, नाहीतर विचारायची पद्धतच असेल म्हणा, त्या मागे वळल्या.

“पगार वेळेवर मिळतो?”

“मिळतो.”

“खुर्ची वगैरे ठीक?”

“नवी आहे.”

“मग काही अडचण? काही मागणं असेल तर सांगा, मी लिहून घेते.”

मॅनेजरसाहेब हसतच होते, पण आता त्यांचं लक्ष वहिनीकडे होतं. घरातली शहाणी माणसं कोण, ते त्यांना बरोबर कळत असे. काचेपलीकडे मशिनं चालू होती. वहिनीने टेबलाच्या कडेवरचं डाळिंबी बटण उचलून मुठीत घेतलं. दातांचे खड्डे तिच्या तळहाताला लागत होते.

“आहे एक,” भाऊजी म्हणाले. त्यांनी ट्रे दोन्ही हातांनी जरासा पुढे सरकवला. “मी निवडलेली ही बटणं परत मिसळू नका.”